आजन्म शिक्षणाचीं नवीं साधनें

शाळेचा दाखला हातीं आला, कीं शिक्षण संपलें, अशी समजूत आपल्या समाजांत अजून दृढ आहे. मुलगा शेतीवर गेला किंवा मुलगी सासरीं गेली, कीं पुस्तकें माळ्यावर पडतात. परंतु जग कांहीं त्या दिवशीं थांबत नाहीं. बियाणें बदलतें, बँकेचा व्यवहार बदलतो, रोग व त्यांवरील उपाय बदलतात. आणि ज्यानें शिकणें सोडलें, तो आपल्याच घरच्या व्यवहारांत परावलंबी होतो. म्हणून जन्मभर शिकत राहण्यास कोणतीं नवीं साधनें उपलब्ध झालीं आहेत, व हिवरखेडसारख्या ठिकाणीं त्यांचा कितपत उपयोग आहे, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'स्मार्ट सिटी' हा शब्द आतां सर्वांच्या परिचयाचा आहे. केंद्र सरकारनें ही योजना २५ जून २०१५ रोजीं सुरू केली आणि ३१ मार्च २०२५ रोजीं तिची मुदत संपली. तिच्यांत देशांतील १०० शहरें निवडण्यांत आलीं. महाराष्ट्रांतील पुणें, नागपूर, नाशिक, सोलापूर इत्यादि शहरें त्यांत होतीं. वऱ्हाडांतील एकही नव्हतें. अमरावतीचें नांव प्रारंभींच्या यादींत होतें, परंतु अखेरच्या निवडींत तें राहिलें नाहीं. तेव्हां वाचक विचारतील, कीं शहरांच्या सोयी शहरांस लखलाभ असोत; आपणांस त्यांचें काय? यास आमचें उत्तर असें, कीं रस्ते व दिवे शहराच्या वेशीशीं थांबतात. शिक्षणाचीं डिजिटल साधनें तशीं थांबत नाहींत.

उदाहरणार्थ, केंद्र सरकारचा 'स्वयं' हा उपक्रम घ्या. तो २०१७ सालीं सुरू झाला. त्यांत नववीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येकास चार अंगें असतात : व्याख्यानाची चित्रफीत, वाचनाचें साहित्य, आपली आपण परीक्षा घेण्याचे प्रश्न, आणि शंका विचारण्याची सोय. शिकण्यास शुल्क नाहीं. प्रमाणपत्रासाठीं परीक्षा द्यावयाची असेल, तरच तें भरावें लागतें. ज्यांच्या घरीं इंटरनेट नाहीं, त्यांच्यासाठीं 'स्वयं प्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या दूरदर्शन संचावर दिसतात. नाशिक येथें १९८९ सालीं स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानें तर शाळा अर्धवट सुटलेल्या हजारों प्रौढांस घरीं राहून शिकण्याचा मार्ग दाखविला. त्याचें विभागीय केंद्र आपल्या अमरावतीस आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ पासून निघूं लागलेला मराठी विश्वकोश पूर्वीं मोठ्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळे. आज तो कोणासही मोबाइलवर विनामूल्य वाचतां येतो.

शेतकऱ्याचें शिक्षण याहून निराळें नाहीं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडून हवामानावर आधारलेला शेतीसल्ला दर मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीची केवढी हानि केली, हें पालकांस सांगावयास नको. या अळीवर नजर ठेवण्यास एकरीं दोन कामगंध सापळे लावावे, आणि सलग तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत आठ पतंग सांपडले, तर उपाययोजनेची वेळ आली असें समजावें, असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. यांत अवघड तें काय? वाचणें, मोजणें व टिपून ठेवणें, एवढेंच. परंतु ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास एवढेंही दुर्गम होतें.

गेल्या हंगामांत आमच्या परिचयाच्या एका पालकानें हें आम्हांस चांगलें शिकविलें. त्यांची नववींतील मुलगी हा सल्ला मोबाइलवरून वाचून दाखवी, व बापलेक मिळून सकाळीं पतंग मोजीत. आम्हीं तिचें कौतुक केलें, तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी उद्या अमरावतीले शिकाले गेली, तं मले कोन वाचून दाखवन?" या प्रश्नास आमच्याजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें. विहीर पाण्यानें भरलेली असली, तरी दोर नसेल तर घागर कोरडीच राहते. आणि अक्षरज्ञान हाच तो दोर होय.

शहरांचा अनुभवही हेंच सांगतो. पुण्यांत औंध येथें २०१६ सालीं निघालेल्या 'लाइटहाउस' केंद्रांत वस्त्यांतील तरुणांस संगणक, इंग्रजी व एखादा व्यवसाय शिकवूं लागले, तेव्हां नुसतीं यंत्रें मांडून ठेविलीं नाहींत. हात धरून मार्ग दाखविणारीं माणसेंही नेमलीं. युनेस्कोनें 'शिकणाऱ्या नगरां'चें जें जागतिक मंडळ चालविलें आहे, त्यांत २०२२ सालीं भारतांतील वारंगळ व त्रिशूर यांच्याबरोबर केरळांतील निलंबूर हें लहानसें नगरही आलें. लहानपणा हा शिक्षणास अडसर नव्हे, हें यावरून दिसतें.

मग त्या पालकाच्या प्रश्नाचें उत्तर काय? तें 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत आहे, असें आम्हांस वाटतें. २०२२ ते २०२७ या काळासाठीं आखलेला हा कार्यक्रम १५ वर्षें व त्यांवरील निरक्षरांकरितां आहे. शिकविणारे सर्व स्वयंसेवक असतात, आणि विद्यार्थ्यांसही तें काम करतां येतें. नोंदणीची व पाठांची सोय मोबाइलवर आहे. शेवटीं वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकीं ५० गुणांची परीक्षा होते. महाराष्ट्रांत ती १७ मार्च २०२४ रोजीं घेण्यांत आली, तेव्हां नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या बांकांवर आजीआजोबा बसलेले लोकांनीं पाहिले.

विद्यार्थ्यांनो, ज्या मोबाइलवर तुमचा पुष्कळ वेळ व्यर्थ जातो, त्याचाच असा सदुपयोग करा. या सुटींत घरांतील वा शेजारचें एक वडील माणूस निवडा व रोज अर्धा तास त्याच्यापाशीं बसा. प्रथम नांव लिहावयास शिकवा, मग आंकडे, मग एखादा संदेश. आणि बँकेचा ओटीपी कोणासही सांगूं नये, हा धडा तर पहिल्याच आठवड्यांत द्या. पालकहो, आपल्या लेंकरापाशीं शिकण्यांत कमीपणा मानूं नका. आमच्या त्या पालकांनीं दिवाळीपासून पाटी धरिली आहे. अद्याप ते अडखळतात. परंतु परवां सापळ्यांतील पतंगांचा आंकडा त्यांनीं वहींत स्वतः लिहिला, आणि तो बरोबर होता.