मोटारसायकलचा मुका हॉर्न

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळेला उशीर होत होता म्हणून मी कारापूर तिस्कावरून साखळीच्या बाजूस जरा घाईनेच निघालो होतो. वळणावर डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी बाई रस्ता ओलांडीत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी हॉर्नची कळ दाबली. आवाज नाही! ब्रेक लावताच ओल्या तांबड्या मातीवर गाडी घसरली आणि मी गुडघा फोडून घेतला. बाईंना धक्का लागला नाही ही अल्लाची कृपा. उलट त्यांनीच मला उठविले आणि “हॉर्न मारूंक जाय न्हू, मास्तर?” म्हणून विचारले. त्यावर मी काय उत्तर देणार?

मेकॅनिकने त्याच दिवशी नवा हॉर्न बसविला. पंधरा दिवसांनी तोही मुका झाला. तेव्हा मात्र एका रविवारी मी स्वतःच खाली बसलो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकल आहे, आणि पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर पायलट म्हणून पोट भरणारेही आहेत. म्हणून त्या दिवशी जे कळले ते येथे देत आहे.

हॉर्न म्हणजे शाळेतील विजेच्या घंटेचा थोरला भाऊ. आत तारेचे वेटोळे असते. वीज आली की त्याचे लोहचुंबक होते व ते पोलादी पडद्याला ओढते. पडदा ओढला जाताच आतील संपर्क सुटतो, वीज तुटते, पडदा मागे जातो, संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला सुमारे ४०० वेळा घडते आणि आपणांस आवाज ऐकू येतो.

म्हणून प्रथम कान द्यावा. कळ दाबल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला तर वीज हॉर्नपर्यंत पोचते आहे. दोष हॉर्नमध्ये किंवा दुबळ्या बॅटरीत असतो. (१२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असता १२.६ च्या आसपास दाखविते.) काहीच आवाज नसेल तर फ्यूज पाहावा. तो उडाला असल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची युक्ती गाडी पेटविण्याची युक्ती आहे.

फ्यूज शाबूत असेल तर हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून त्याला दोन तुकड्यांनी सरळ बॅटरीशी क्षणभर जोडावे. वाजला तर हॉर्न निर्दोष. माझा जुना हॉर्न, जो मी टाकून देणार होतो, तो असा खणखणीत वाजला! नव्या हॉर्नचे पैसे व्यर्थ गेले होते.

आता वायरी. पुष्कळ गाड्यांत एक वायर किल्लीकडून वीज आणते व दुसरी कळीकडे जाते. कळ दाबली की ती सांगाड्याशी, म्हणजे ‘अर्थ’शी, जोडली जाते. इंडिकेटरचा १० वॅटचा दिवा दोन तारा लावून घ्यावा. किल्ली चालू करून तो वीज आणणारी वायर आणि सांगाड्याचे उघडे लोखंड यांत धरावा. पेटला नाही तर दोष किल्लीच्या बाजूस. पेटला तर तोच दिवा दोन्ही वायरींत धरून कळ दाबावी. आता न पेटल्यास कळ किंवा तिची वायर. कळ उघडून हिरवट गंज बारीक पॉलिश कागदाने काढावा. मीही काढला, पण उपयोग झाला नाही. शेवटी हँडल डावीकडे वळविताच दिवा पेटला, उजवीकडे वळविताच विझला. हँडलच्या मानेजवळ वायरीवरचे रबर धड होते आणि आतील तांबे तुटलेले!

तेथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नये. आपल्या पावसात तो जोड वर्षभरही टिकत नाही. बॅटरीची ऋण वायर सोडून झाळ लावावा, वर नळी चढवावी, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळेल इतकी ढील ठेवावी. गंजलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम असला तरी ३ अँपिअरला दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो व हॉर्न घोगरा होतो.

हॉर्न खरोखरच गेला असेल तर तितक्याच व्होल्टचा आणावा. जुन्या राजदूतला ६ व्होल्टचा लागे. त्याची लवचीक पट्टी काढून तो सांगाड्याला घट्ट आवळू नये, पडदा थरथरू शकत नाही. तोंड किंचित खाली ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. मागचा स्क्रू फिरवायचा तर पाव फेऱ्याहून अधिक एकदम नको.

तरुण मंडळींना दोन मोठे हॉर्न हवे असतात. ते ७-८ अँपिअर घेतात. मूळची कळ त्याने जळते, म्हणून मध्ये रिले पाहिजे. निरनिराळे सूर काढणारा हॉर्न मात्र १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी मना आहे, आणि विनाकारण वाजविल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या खेपेस १,००० रुपये दंड आहे.

माझा जुना हॉर्न पुन्हा गाडीवर चढला. नवा मी वर्गात नेला. दहावीची मुले विद्युतचुंबकाच्या धड्याला तो वाजवितात, आणि शेजारच्या वर्गाचे शिक्षक दार लावून घेतात.