एक, अठ्ठावीस, सत्तावन्न

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल साखळीत दरवर्षी नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने त्यांची निवड करतात. सॅन अँटोनियो स्पर्सने १९९७ मध्ये टिम डंकनला पहिल्या क्रमांकावर घेतलं, २००१ मध्ये टोनी पार्करला अठ्ठाविसाव्या आणि त्याआधी, १९९९ मध्ये, मनू जिनोबिलीला सत्तावन्नाव्या. त्या वर्षी निवडी एकूण ५८ होत्या. म्हणजे पंगत उठता उठता वाढलेलं पान. हे तिघं २००२ ते २०१६ असे चौदा हंगाम एकत्र खेळले आणि त्यांनी चार विजेतेपदं मिळवली. तिघंही मैदानात उतरले आणि संघ जिंकला, असे साखळी हंगामातले सामने भरले ५७५. एनबीएत दुसऱ्या कुठल्याही त्रिकुटाला हा आकडा गाठता आलेला नाही.

या यशाचं श्रेय बहुतेक जण स्पर्सच्या ‘संघसंस्कृती’ला देतात. मला ते निम्मंच पटतं. सुरुवात तर निव्वळ नशिबाची. १९९६-९७ च्या हंगामात संघाचा आधारस्तंभ, नौदलातून आलेला डेव्हिड रॉबिन्सन, दुखापतींमुळे सहाच सामने खेळू शकला. व्यवस्थापक ग्रेग पोपोविचने प्रशिक्षकाला काढून टाकलं आणि ती जागा स्वतःच घेतली, तेव्हा गावाने त्याला भरपूर नावं ठेवली. ८२ पैकी ६२ सामने गेले. पहिल्या निवडीसाठी तळाच्या संघांमध्ये चिठ्ठ्या काढल्या जातात आणि त्यात सगळ्यात जास्त आशा बॉस्टनला होती. चिठ्ठी निघाली सॅन अँटोनियोची, आणि डंकन आला.

डंकन कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचा. मुळात जलतरणपटू, त्याची बहीण १९८८ च्या ऑलिम्पिकमध्ये पोहली होती. १९८९ च्या ह्यूगो वादळाने बेटावरचा तलाव उद्ध्वस्त केला आणि पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. पोहणं सुटलं ते सुटलंच. बास्केटबॉल त्याने तसा उशिराच हातात घेतला. कॉलेजची चारही वर्षं पुरी करून, मानसशास्त्राची पदवी घेऊनच तो एनबीएत आला. खेळात भपका नाही, तोंडाने बडबड नाही. बोर्डावर कोनात मारलेला साधा बँक शॉट, तोही वर्षानुवर्षं तसाच. टीव्हीवाल्यांना हा संघ कधी मानवला नाही. अंतिम फेरीत स्पर्स आले की प्रेक्षकसंख्या घसरायची.

पण २००३ च्या अंतिम फेरीचा सहावा सामना ज्याने पाहिलाय, तो डंकनला कंटाळवाणा म्हणणार नाही. न्यू जर्सी नेट्सविरुद्ध डंकनचे २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. रॉबिन्सनचा हा शेवटचा सामना. सदतिसाव्या वर्षी दुखऱ्या पाठीने त्याने १७ रिबाउंड काढले आणि करंडक घेऊनच निवृत्त झाला. संघ त्याच्याच मालकीचा असावा असा मान असताना रॉबिन्सनने सहा वर्षांपूर्वी नवख्या डंकनसाठी जागा करून दिली होती. पुढचं सगळं त्या वागण्यातून आलं, असं मला वाटतं.

पार्करची कथा वेगळी. बेल्जियममध्ये जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला, एकोणिसाव्या वर्षी आलेला पोरगा. पहिल्या चाचणीत पोपोविचला तो मवाळ वाटला आणि नको म्हणून झालं होतं. चित्रफिती दाखवून सहकाऱ्यांनी दुसरी चाचणी घ्यायला लावली. पहिल्या वर्षी डंकन आपल्याशी जवळपास बोललाच नाही, असं पार्कर पुढे सांगायचा. २००३ च्या त्या निर्णायक सामन्यात अखेरच्या टप्प्यात पार्करला बाहेर बसवून स्पीडी क्लॅक्स्टनला खेळवलं. विजेतेपद मिळालं, आणि त्याच उन्हाळ्यात संघ पार्करच्याच जागेसाठी जेसन किडला गळ घालायला निघाला! किड आला नाही. पार्कर रुसून गेला नाही. चार वर्षांनी क्लीव्हलंडला ४-० धुतलं, तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता; हा मान मिळवणारा पहिला युरोपीय.

जिनोबिली अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाचा. निवड झाल्यावरही तो इटलीतच खेळत राहिला, बोलोन्याला युरोलीग जिंकून दिली आणि २००२ मध्ये अमेरिकेत पोहोचला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत त्याच्या अर्जेंटिनाने अमेरिकेला हरवलं. त्याचे २९ गुण होते, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या संघात डंकन होता! दुसऱ्याच दिवशी गळ्यात सुवर्णपदक. अशा माणसाला पोपोविचने राखीव बाकावरून खेळवायला घेतलं. दुसऱ्या कुठल्याही संघात त्यावरून महाभारत झालं असतं. मनूने ते मान्य केलं आणि २००८ मध्ये सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार घेतला. २००९ मध्ये ऐन सामन्यात मैदानावर शिरलेलं वटवाघूळ याच गड्याने हाताने खाली पाडलं आणि मग रेबीजची इंजेक्शनं घेतली.

आता १८ जून २०१३, मायामी. अंतिम फेरीच्या मालिकेत स्पर्स मायामीविरुद्ध ३-२ ने पुढे. सहाव्या सामन्याची २८ सेकंद उरली, पाच गुणांची आघाडी. करंडक सोहळ्याच्या तयारीसाठी मैदानाच्या कडेने पिवळे दोर लावायला सुरुवात झालेली. मायामीच्या लेब्रॉन जेम्सने थ्री-पॉइंटर मारला. स्पर्सच्या कवाई लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला. आघाडी तीनची. बचावात चपळाई हवी म्हणून पोपोविचने डंकनला बाहेर बसवलं होतं. जेम्सचा पुढचा फटका हुकला, पण रिबाउंड घ्यायला डंकनसारखा उंच माणूसच मैदानात नव्हता. चेंडू ख्रिस बॉशकडून रे अ‍ॅलनकडे गेला, अ‍ॅलन मागे सरकत कोपऱ्यात पोहोचला, आणि ५.२ सेकंद असताना बरोबरी. जादा वेळेत स्पर्सच्या हातून सामना गेला. सातवाही गेला, त्यात अखेरच्या मिनिटात डंकनचा अगदी जवळचा फटका चुकला, तेव्हा त्याने दोन्ही हात जमिनीवर आपटले. एरवी त्याचा चेहरा दगडी.

सहाव्या सामन्याच्या रात्री जल्लोषासाठी एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जागा राखून ठेवलेली होती. पोपोविचने बेत रद्द केला नाही, सगळ्यांना तिथेच नेलं आणि स्वतः टेबलाटेबलावर फिरत राहिला. वर्षभराने हाच संघ मायामीला ४-१ असं लोळवून विजेता झाला. डंकन तेव्हा ३८ वर्षांचा होता. आदल्या करारात त्याने वर्षाला दोन कोटींहून जास्त डॉलरवरून एक कोटीच्या आत उतरणं पत्करलं होतं. बाकीच्यांना पैसे पुरले ते त्यातून. शार्लटने सोडून दिलेला बोरिस दिऑ, खुद्द स्पर्सनेच आधी काढून टाकलेला डॅनी ग्रीन, असे लोक त्या संघात होते.

डंकनने २०१६ मध्ये पत्रकार परिषदही न घेता निवृत्ती घेतली. आणि इथेच मला संस्कृतीवाल्यांना विचारावंसं वाटतं. नियम तेच, प्रशिक्षक तोच, तरी दोन वर्षांत लेनर्डचं दुखापतीच्या उपचारांवरून संघाशी बिनसलं. २०१७-१८ मध्ये तो नऊच सामने खेळला, मग टोरांटोला गेला आणि २०१९ मध्ये तिथे विजेतेपद मिळवून मोकळा झाला. ज्या उन्हाळ्यात तो गेला त्याच उन्हाळ्यात पार्कर शार्लटला गेला आणि जिनोबिली थांबला. सलग २२ वर्षं प्लेऑफ म्हणजे बाद फेरी गाठणारा संघ २०२० मध्ये पहिल्यांदा बाहेर राहिला. प्रशिक्षकाच्या खुर्चीवर तेव्हाही पोपोविचच होता.