शिरेतून आहार: चोवीस तास की फक्त रात्री?

आता आपण वेळापत्रकाकडे येऊ. आतड्याचा मोठा भाग काढावा लागला, तर तोंडाने खाल्लेलं पुरेसं अंगी लागत नाही. मग ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं थेट मोठ्या शिरेत द्यावी लागतात. ही नेहमीची सलाइन नव्हे, हे पूर्ण जेवण आहे. 1960च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग रुग्णांवर हे यशस्वी करून दाखवलं.

सुरुवातीला हा आहार चोवीस तास चालतो. वेग संथ असतो, त्यामुळे साखर आणि पाण्याचा भार शरीराला झेपतो. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला हेच योग्य.

मग रात्रीचाच आग्रह का? एक कारण यकृत. ग्लुकोज अखंड येत राहिलं, की इन्सुलिनही सतत चढलेलं राहतं आणि यकृतात चरबी साठू शकते. तुम्ही-आम्ही जेवतो, मग काही तास उपाशी असतो. त्या वेळात साठवलेली चरबी वापरली जाते. दुसरं कारण साधं आहे: दिवसा पंप नसेल, तर माणूस कामावर, मूल शाळेत जाऊ शकतं.

पण इथे एक हिशेब आहे. समजा, वजन 60 किलो, आहार 2 लिटर, त्यात 250 ग्रॅम ग्लुकोज. चोवीस तासांत दिलं तर वेग ताशी 83 मिलिलिटर. ग्लुकोज दर किलोला मिनिटाला 2.9 मिलिग्रॅम. बारा तासांत दिलं तर ताशी 167, आणि ग्लुकोज 5.8! प्रौढांत साधारण 5च्या आसपास मर्यादा पाळतात. म्हणजे या रुग्णाला बारा नव्हे, चौदा तास हवेत. तिथेही एकदम जायचं नाही. साखर तपासत तास हळूहळू कमी करायचे.

बंद करतानाही तेच. इन्सुलिन अजून चढलेलं असतं. पंप झटकन थांबवला, तर साखर घसरून घाम, थरथर होऊ शकते. म्हणून शेवटचा तास-दोन तास वेग उतरवत आणतात.

रात्री लघवीला उठावं लागतं, झोप मोडते, हेही खरं. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर जास्त जपावं लागतं.

तेव्हा घरी असा पंप असेल, तर एवढं लक्षात ठेवा: सकाळी लवकर मोकळं व्हायचं म्हणून वेग स्वतः वाढवू नका. किती तास, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.