वास एकाचा, नशा दुसऱ्याची!

भांगेच्या झाडाचा वास दुरूनही ओळखू येतो. गंमत म्हणजे, नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याला जवळजवळ वासच नसतो! दरवळतात ती मुख्यतः टर्पीन नावाची, सहज उडून जाणारी द्रव्ये. मादी फुलांवरच्या बारीक ग्रंथींत ती तयार होतात. मिरी-लवंगेतले कॅरिओफायलीन, संत्र्याच्या सालीतले लिमोनीन, धन्यांतले लिनालूल ही त्यांतलीच.

संकर करून नवे वाण घडवणारे वासावरून रोपे निवडतात. मात्र वासावरून नशेचा अंदाज बांधता येत नाही. उत्तराखंडात २०१८ पासून धाग्यासाठी व बियांसाठी परवान्याने लागवड होते. तेथे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवे. जास्त निघाले, तर शेतकरी अडचणीत. म्हणून निवड नाकाने केली, तरी अखेरचा निकाल प्रयोगशाळेचाच!