वर जावे की खाली?

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या 52 किलो गटात सहावा क्रमांक मिळाला. 1952 साली हेलसिंकीला ते 57 किलो गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. मुष्टियुद्धात मेरी कोमने 2010 पर्यंतची पाच जगज्जेतेपदे 45 ते 48 किलो गटांत मिळवली होती. पण 2012 च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत हलका गटच 51 किलोंचा होता. वर जाणे भाग पडले.

तीन किलोंनी असा काय फरक पडतो? एकाच बांध्याचे दोन खेळाडू घ्या. एक सर्व बाजूंनी थोडा मोठा. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्नायूचा जोर मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो. त्यामुळे 48 चे 51 होताना वजन सव्वासहा टक्के वाढते, जोर जेमतेम चार टक्के. तरी वेग तोच असेल तर जड मुठीचा संवेग अधिक, आणि हातही लांब! मेरीने तिथेही कांस्यपदक मिळवलेच.

खाली उतरणाऱ्याची गोष्ट वेगळी. शेवटच्या दिवसांत तो चरबी नव्हे, पाणी घटवतो. अकोल्याच्या मे महिन्यात घामाचे मोल सांगायला नको: 1 ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता नेतो. पाणी आटले की ही सोय बंद पडते व अंग तापते. वाढत्या वयात तरी वरचा गटच बरा, असे माझे मत आहे.

एरवी 53 किलोंत खेळणारी विनेश फोगट 2024 साली पॅरिसला 50 किलो गटात उतरली. अंतिम कुस्तीच्या सकाळी, रात्रभर घाम गाळूनही, वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. 100 ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी.