शेळीचा खुराक आणि दुधाचा धंदा

मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांतून घराच्या मागच्या अंगणात दोन-चार शेळ्या बांधण्याची पद्धत जुनी आहे. मजुरी बंद पडली तरी चूल पेटती राहावी, हा त्यामागील हिशेब. अशा घरात पेंडीच्या पोत्यावर खर्च केलेला पैसा दुधातून परत येतो की नाही, हा प्रश्न साधा नाही.

पहिली गोष्ट जातीची. उस्मानाबादी शेळी मुख्यतः मांसाची. ती दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर दूध देते. तिला कितीही खुराक घातला तरी ती जमनापारी होणार नाही. जादा पेंड दुधात न उतरता अंगावर चढते. चारा-पाला पोटभर असेल तर दर लिटर दुधामागे साधारण तीनशे-चारशे ग्रॅम खुराक पुरतो. त्यात शेकडा दोन टक्के क्षार मिश्रण आणि एक टक्का मीठ असावे. व्यालेल्या शेळीच्या अंगातील चुना दुधावाटे जातो, म्हणून क्षार मिश्रणात काटकसर करू नये. पेंडीत ती एकवेळ करावी.

आता दुधाच्या प्रतीकडे वळू. खुराकाने दुधातील प्रथिने फारशी हलत नाहीत, फॅट मात्र हलते. पाला-कडबा कमी करून मक्याचा भरडा किंवा उरलेल्या भाकरी-रोट्या भरपूर घातल्या की कोठ्यात आम्लता वाढते, फॅट उतरते आणि कधी कधी शेळीही हातची जाते. ईद-लग्नाच्या उरल्यासुरल्या अन्नाबाबत हे विशेष ध्यानात ठेवावे. तेलबियांचा प्रकार निराळा आहे. गाईला तेल जास्त दिले तर फॅट बहुधा घटते. शेळीत मात्र ते बहुधा वाढते. फ्रान्समधील संशोधकांनी हा फरक प्रयोगांतून दाखविला आहे. जवसासारख्या तेलबियांनी दुधाचा उग्र वासही काहीसा कमी होतो, असे त्यांना आढळले. तरीही एकूण आहारात तेल शेकडा पाचच्या वर जाऊ देऊ नये. कोठ्यातील जंतू दबतात आणि चारा पचत नाही.

वासाचे सगळे खापर मात्र खुराकावर फोडू नये. बोकड दुभत्या शेळ्यांजवळ बांधला, दूध वेळेवर थंड केले नाही, तर पेंड बदलून उपयोग नाही. कांदा-लसणाचा पाला द्यायचाच तर दूध काढल्यावर द्यावा.

तूप-पनीरवाल्यांसाठी दोन शब्द. सरकी किंवा सरकी पेंड जास्त खाल्लेल्या जनावराचे तूप घट्ट होते आणि तपासणीतील काही आकडे बदलतात. कापूसपट्ट्यातील तुपासाठी ॲगमार्कने वेगळी मोजमापे ठरविली ती याच कारणाने. जवस, सोयाबीनने तूप मऊ राहते. शेळीचे तूप पांढरे दिसते, कारण चाऱ्यातील पिवळा रंग तिच्या अंगात जीवनसत्त्व 'अ' मध्ये बदलतो. गिऱ्हाईक भेसळ म्हणाले तर हे सांगता आले पाहिजे. पनीर मात्र म्हशीच्या पनीरपेक्षा मऊच होणार. तो दुधाचा स्वभाव, पेंडीचा दोष नव्हे.

डेंग्यूच्या साथीत शेळीच्या दुधाला वाटेल तो भाव मिळतो. या दुधाने प्लेटलेट वाढतात याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. त्या नावाने चौपट दर घेणे हलाल कमाईत बसते का, हे ज्याने त्याने ठरवावे.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. पावसाळ्यात ओल धरलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि त्याचा काही अंश दुधात उतरतो. उकळूनही तो जात नाही. दुधात त्याची मर्यादा एका किलोला अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच ठेवली आहे. व्यापाऱ्याने स्वस्तात दिलेली काळपट, कुबट वासाची पेंड परत करावी. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर रचावीत. नवा खुराक सुरू करताना दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदल करावा आणि त्या काळात रोजचे दूध मापून वहीत लिहावे. पंधरवड्यात वाढलेल्या दुधाची किंमत पेंडीच्या खर्चाहून कमी भरली, तर तेवढी पेंड बंद करून सुबाभूळ, शेवरीचा पाला वाढवावा. सुबाभूळही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको.