दहाच्या नाण्याची सोनेरी कड

दिंडोशी बस आगारात सुटे पैसे मोजताना दहाच्या नाण्याची पिवळी कड नीट पाहा. ती ॲल्युमिनियम ब्राँझची आहे: तांबे ९२ टक्के, ॲल्युमिनियम ६, निकेल २. काशातले कथील यात नसते. सोनेरी रंग मिश्रणाचाच, मुलामा नव्हे. ॲल्युमिनियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा धरतो. म्हणून मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेतही ही कड तांब्याइतकी लवकर काळवंडत नाही. ॲल्युमिनियम साधारण ८ टक्क्यांच्या आत असले की धातू ठसा घेण्याइतका मऊ राहतो. तेच ९-१० टक्क्यांवर नेऊन निकेल आणि लोखंड वाढवले, तर जहाजांच्या प्रोपेलरसाठी लागणारा कणखर मिश्रधातू मिळतो. इतके विचारपूर्वक घडवलेले हे नाणे कायदेशीर चलन आहे. कुणी नाकारले तर तसे ठामपणे सांगा.